'वेट' एक, शब्द चार: सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांचा गुंता

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरला राहून तलाठी आणि बँकेच्या परीक्षांची तयारी चालू आहे. सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दांची लांबलचक यादी पाठ झाली आहे, तरी पेपरात पर्याय समोर आले की दोन्ही बरोबर वाटतात. बोलताना तर समोरचा भलताच शब्द ऐकतो. मग नेमकं काय करायचं?

आधी ती यादी बाजूला ठेवा. अशा याद्यांत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. काही शब्द इंग्रजीतच सारखे ऐकू येतात आणि तिथे इंग्लंडात जन्मलेला माणूसही लिहिताना अडखळतो. काही शब्द इंग्रजीत साफ वेगळे आहेत, पण आपल्या तोंडात आणि देवनागरीत येऊन एक होतात. काहींचं स्पेलिंग एकच असतं आणि उच्चार दोन. पहिल्या प्रकारात जिभेला काही काम नाही, फक्त लिहिताना लक्ष हवं. दुसऱ्यात स्पेलिंग बहुधा येतच असतं, सुधारायचं असतं ते तोंड. तिसऱ्यात शब्द वाक्यात कुठे बसलाय ते बघावं लागतं. तिन्हींना पाठांतर हा एकच उपाय लावला की मेहनत होते आणि गुण मिळत नाहीत.

'वेट' हा शब्द घ्या. गाइडात उच्चार म्हणून 'वेट' छापलेले इंग्रजी शब्द चार आहेत: थांबणे, वजन, ओला आणि जनावरांचा डॉक्टर. यातले थांबणे (डब्ल्यू-ए-आय-टी) आणि वजन (डब्ल्यू-ई-आय-जी-एच-टी) हे दोनच खरे समोच्चारी, म्हणजे इंग्रजीतच सारखे ऐकू येणारे आहेत. ओला (डब्ल्यू-ई-टी) यांच्याहून वेगळा, कारण त्यातला 'ए' आखूड आहे. जनावरांचा डॉक्टर (व्ही-ई-टी) या तिघांहून वेगळा, कारण तो दातांनी सुरू होतो. देवनागरीत उच्चार लिहून पाठ केला की हे तीन वेगळे आवाज एकाच रकान्यात जातात आणि मेंदू त्यांना कायमचे एक मानतो. म्हणून पहिला नियम: वहीत इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहायचा नाही. कुठल्याही चांगल्या ऑनलाइन शब्दकोशात स्पीकरचं चित्र असतं, ते दाबून ऐका. शेजारी उच्चाराच्या खुणा छापलेल्या असतात. दोन शब्दांच्या खुणा अगदी तशाच असतील तर ते खरे समोच्चारी. एक खूण जरी वेगळी असली तरी घोटाळा आपल्या बाजूचा आहे.

आपल्याकडच्या मुलांच्या चुकांत हा आपल्या बाजूचा घोटाळाच जास्त असतो आणि शिकवला सगळ्यात कमी जातो. म्हणून तो जरा सविस्तर बघू.

ऱ्हस्व-दीर्घापासून सुरुवात करू. मराठी लेखनाचा नियमच आहे की अकारान्त शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ: गरीब, वकील, फूल, जमीन. तोंडालाही तीच सवय. शेवटी व्यंजन ऐकू येत असेल तर आधीचा इ किंवा उ आपण आपोआप ताणतो. त्यामुळे जहाज आणि मेंढी दोन्ही 'शीप' होतात, भरणे आणि वाटणे दोन्ही 'फील', ओढणे आणि तलाव दोन्ही 'पूल'. याचा फटका अर्जात दिसतो. 'मी नोकरी सोडतो आहे' याऐवजी 'मी नोकरी जगतो आहे' असं लिहिलं जातं, कारण सोडणे (एल-ई-ए-व्ही-ई) आणि जगणे (एल-आय-व्ही-ई) दोन्ही तोंडात 'लीव्ह'. शाळा सोडल्याचा दाखला आपल्याकडे सर्रास 'लिव्हिंग' म्हणून मागतात. त्याचं स्पेलिंग ई-ए चं आहे. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला वेगळा, त्याला इंग्रजीत 'लाइफ सर्टिफिकेट' म्हणतात.

इथे बरेच जण सांगतात की जहाजाचा 'इ' आखूड म्हणा आणि मेंढीचा लांब. हे अर्धंच खरं आहे. इंग्रजीत पुढे प, ट, क आला की दीर्घ स्वरही आखडतो. खुर्ची या अर्थाच्या 'सीट'मधला ई हा बियाण्याच्या 'सीड'मधल्या ई पेक्षा बराच आखूड असतो. म्हणजे नुसत्या लांबीवर भागत नाही, जिभेची जागाही बदलावी लागते. मेंढीसाठी ओठ किंचित ताणा, जीभ वर न्या आणि आपला नेहमीचा ई म्हणा. जहाजासाठी जबडा थोडा सैल सोडा आणि 'शिप' व 'शेप' यांच्या मधला आवाज काढा. पहिल्यांदा तो 'शेप'कडे झुकल्यासारखा वाटेल. वाटू द्या, ऐकणाऱ्याला तो बरोबर ऐकू येतो. उकाराचं तसंच: 'पूल'चा ओढणे हा अर्थ हवा असेल तर ओठांचा चंबू थोडा ढिला ठेवा. आणि 'टाकी फुल्ल कर' म्हणताना आपण जो आखूड उ काढतो, तो बरोबर शब्दाच्या अगदी जवळचा आहे. तोच धरा, शेवटचा ल मात्र दुप्पट करू नका.

आता आखूड ए आणि लांब ए. मराठीत एकच ए आहे, मधल्या लांबीचा. म्हणून परीक्षा आणि चव दोन्ही 'टेस्ट', मिरी आणि कागद दोन्ही 'पेपर', विकणे आणि विक्री दोन्ही 'सेल'. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर प्लॉटच्या पाट्या बघा, विक्रीच्या जागी विकणे लिहिलेली पाटी हमखास सापडते. 'फॉर'नंतर नाम येतं, क्रियापद नाही, म्हणून तिथे एस-ए-एल-ई. उच्चारात लांब ए च्या शेवटी इंग्रजीत हलकासा 'य' येतो. 'पेय' शब्द झटकन म्हणा, त्यातला 'एय' कानात धरा आणि पुढे ट लावा: हा झाला थांबण्याचा शब्द. ओल्यासाठी ए तोडून टाका, य येऊ देऊ नका. पलंग आणि वाईट, माणसं आणि माणूस या जोड्यांसाठी ॲ ची खूण आपल्याकडे आहेच, तिचा उच्चार मात्र 'ब्याट', 'ब्यांक' असा य घालून करायचा नाही. तोंड उघडून सरळ ॲ.

व चं दुखणं याहून सोपं आहे आणि लवकर जातं. आपला व ना व्ही आहे ना डब्ल्यू, तो दोघांच्या मधे आहे. आरसा घ्या. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि घुमवा. हा आवाज दोन सेकंद ओढता आला पाहिजे आणि ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. डब्ल्यूसाठी दात लागायलाच नकोत: 'ऊ' म्हणायला ओठ गोल करा आणि तिथूनच पुढच्या स्वरात उडी मारा. ऊ-एट, ऊ-एस्ट, ऊ-आइन. पश्चिम आणि बनियन, दारू आणि वेल, वाईटाहून वाईट आणि कवितेची ओळ या जोड्या अशाच सुटतात. इथे स्पेलिंग कधी दगा देत नाही: व्ही लिहिला असेल तर दात, डब्ल्यू ऐकू येत असेल तर ओठ.

स आणि श चा मुद्दा नाजूक आहे, पण सांगायलाच हवा. ग्रामीण बोलीत शाळेची 'साळा' होते आणि उलट इ-ए पुढे आला की सिनेमाचा 'शिनेमा', सिमेंटचं 'शिमिट' होतं. घरी त्यात काही बिघडत नाही. मुलाखतीत मात्र 'बसा' या अर्थाचा इंग्रजी शब्द श ने म्हटला की त्याची शिवी होते. सही आणि चमक, जपून ठेवणे आणि दाढी करणे, विकणे आणि शिंपला हेही असेच अदलाबदल होतात. स म्हणताना ओठ हसल्यासारखे बाजूला न्या, जीभ दातांच्या मागे. श म्हणताना ओठ पुढे काढा, जीभ मागे ओढा. सरावासाठी इ आणि ए लागणारे शब्दच घ्या, कारण घसरण तिथेच होते.

शेवटी स की झ. वर्कशॉपमध्ये 'नट लूज झालाय' म्हणतात, म्हणून सैल या अर्थी मुलं एकच ओ लिहितात. इंग्रजीत सैल असलेला 'लूस' आहे, डबल ओ, शेवटी स. गमावणे म्हणजे 'लूझ', एकच ओ. सल्ला आणि सल्ला देणे यांतही तेच: नाम सी ने, आवाज स, क्रियापद एस ने, आवाज झ. हा झ आपल्या 'जरा', 'जमीन' मधल्या ज च्या जवळचा आहे. फरक इतकाच की ज ला जीभ आधी टेकते, इथे टेकवायची नाही, नुसती घुमवायची.

आता खरे समोच्चारी. इथे तोंड सुधारून काही मिळणार नाही, कारण फरक ऐकूच येत नाही. मात्र त्यातही ओळ सापडते. आठवडा आणि अशक्त, भेटणे आणि मांस, पाहणे आणि समुद्र, पोलाद आणि चोरणे: प्रत्येक जोडीत एकात डबल ई, दुसऱ्यात ई-ए. एके काळी हे दोन वेगळे आवाज होते. डबल ई आपला ए ताणल्यासारखा म्हणत, ई-ए त्याहून उघड्या तोंडाने. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली इंग्लंडात पहिला छापखाना काढला, हळूहळू स्पेलिंग स्थिरावत गेलं, आणि उच्चार मात्र पुढची दोनशे-अडीचशे वर्षं बदलत राहिले. शेवटी दोन्ही ई वर येऊन मिळाले. काही ई-ए वाले शब्द मागेच राहिले, मोडणे हा त्यातलाच एक. म्हणून त्याचा उच्चार 'ब्रीक' न होता 'ब्रेक' आहे आणि तो गाडीच्या ब्रेकशी जुळतो. गाडीचा ब्रेक मेक, टेक, लेक यांच्या साच्यातला आहे: ए, के, शेवटी ई. वाळूजच्या कारखान्यात पार्टची यादी टाइप करायची असेल तर हा साचा लक्षात ठेवलेला बरा.

बाकीच्या शब्दांसाठी नातेवाईक शोधा. शब्द एकटा लक्षात राहत नाही, कुटुंबासकट राहतो. मोंढ्यातल्या दुकानावर 'होलसेल'च्या पाटीत डब्ल्यू गाळलेला असला की त्याचा अर्थ भोकांची विक्री होतो. संपूर्ण या अर्थाच्या शब्दाला डब्ल्यू लागतो. तो मूळचा नाही, पंधराव्या-सोळाव्या शतकात लिहिणाऱ्यांनी चिकटवला आणि प्रमाण इंग्रजीत तो उच्चारला जात नाही. पिठाच्या गिरणीवर कधी फरशी लिहिलेली असते, कधी फूल. फरशी चूकच आहे. फुलाचा प्रकार गमतीचा आहे: पीठ आणि फूल हा मुळात एकच शब्द, धान्याचा फुलासारखा उत्तम भाग म्हणजे पीठ. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या शब्दकोशातही ते वेगळे नव्हते. आज पीठ ओ-यू-आर, फूल ओ-डब्ल्यू-ई-आर, आणि उच्चार दोघांचा 'फ्लाउअर'.

'प्रिन्सिपल'चे दोन शब्द, मुख्याध्यापक आणि तत्त्व, यांत परीक्षक नेहमी पकडतात. शेवटी ए-एल असलेला शब्द मुळात विशेषण आहे, नॅशनल, सेंट्रल, लोकल यांच्या रांगेतला. अर्थ 'मुख्य'. मुख्य शिक्षक झाले प्राचार्य, कर्जातली मुख्य रक्कम झाली मुद्दल. बँकेच्या पेपरात मुद्दल येणारच, तिथे ए-एल. एल-ई असलेला शब्द फक्त नाम आहे, अर्थ तत्त्व, नियम. नियमाच्या 'रूल'लाही शेवटी एल-ई. स्टेशनरीचं तसंच. ई-आर-वाय म्हणजे माल: बेकरी, क्रॉकरी, कटलरी, ग्रोसरी, वह्या-पेनं. ए-आर-वाय म्हणजे विशेषण: प्रायमरी, सेकंडरी, टेम्पररी आणि एका जागी थांबलेला. वह्या-पुस्तकांच्या दुकानांच्या पाट्यांत हा ए जागोजागी घुसलेला दिसेल. पाट्या बघून स्पेलिंग शिकू नका.

दुष्काळाबद्दल अर्ज लिहिणाऱ्यांनी दोन ठिकाणी जपावं. दुष्काळ 'ड्राउट' आहे, त्यात ओ-यू. ए-यू लावला की तो 'ड्राफ्ट' होतो, म्हणजे वाऱ्याची झुळूक. आणि दुष्काळग्रस्त लिहिताना 'अफेक्टेड' ए ने हवं. ई ने सुरू होणारा शब्द बहुधा नाम असतो, परिणाम या अर्थी. शासन आदेशात 'अमुक तारखेपासून लागू' म्हणताना तो येतो. तोच क्रियापद म्हणून वापरला तर अर्थ होतो घडवून आणणे. म्हणजे ई लावून लिहिलेलं गाव दुष्काळाने घडवून आणलेलं ठरतं.

इट्स, युअर, देअर या त्रिकुटाबद्दल फार बोलायला नको. स्वल्पविरामासारखं वरचं चिन्ह असेल तर शब्द फोडून पूर्ण वाचा. 'इट इज', 'यू आर', 'दे आर' बसत नसेल तर चिन्ह नसलेला शब्द लिहा.

इंटरनेटवरच्या याद्यांत 'वडील' आणि 'जास्त दूर', 'कोर्ट' आणि 'पकडला' अशा जोड्याही दिसतात. बहुतेक ब्रिटिश लोक र गिळतात म्हणून त्यांना ते सारखे. आपण र उच्चारतो, आपला गोंधळ होत नाही. त्या जोड्या सरळ खोडून टाका.

तिसरा प्रकार, एक स्पेलिंग दोन उच्चार. यातला सगळ्यात मोठा गट आघाताचा आहे. नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर: रेकॉर्ड, परमिट, कॉन्ट्रॅक्ट, ऑब्जेक्ट, प्रेझेंट. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या इंग्रजी नावात 'प्रॉड्यूस' आहे, शेतमाल या अर्थाचं नाम, जोर 'प्रॉ'वर. पिकवणे म्हणायचं असेल तर 'प्रड्यूस', जोर शेवटी. शब्दकोशात जोर असलेल्या अक्षराआधी वर छोटी उभी रेघ असते, ती बघायची सवय लावा. सगळे शब्द हा नियम पाळत नाहीत: रिपोर्ट, सपोर्ट, कंट्रोल दोन्ही अर्थी सारखेच. वाळवंट या अर्थाच्या शब्दात फसगत जास्त होते. वाळवंट म्हणजे 'डेझर्ट', जोर आधी, एक एस. सोडून पळणे याचं स्पेलिंग तेच, जोर नंतर. आणि जेवणानंतरच्या गोडाचा उच्चार पळण्यासारखा, स्पेलिंग मात्र डबल एस. शिसं आणि नेतृत्व करणे यांचं स्पेलिंग एक, उच्चार 'लेड' आणि 'लीड'. नेतृत्व केलं हा भूतकाळ पुन्हा 'लेड', पण त्यातून ए जातो. वाचणे याच्या भूतकाळात मात्र ए तसाच राहतो, म्हणून पहिल्यात चूक होते.

अभ्यास कसा करायचा? जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकू नका. शेजारी-शेजारी शिकलेले शब्द एकमेकांत मिसळतात, याद्यांचा मुख्य दोष हाच. आधी जास्त वापरातला शब्द घ्या, त्याची तीन वाक्यं आपल्या कामातली लिहा, नातेवाईक शब्द लिहा. आठवड्याने दुसरा घ्या. आठवड्याला सहा-सात शब्द पुरे.

तोंडाच्या सरावाला जोडीदार लागतो. दोन शब्द ठरवा. त्याने दहा वेळा, मनाला येईल त्या क्रमाने, त्यातला एक म्हणायचा. तुम्ही कागदावर लिहायचं. मग उलट करा. दहापैकी आठ जुळेपर्यंत पुढची जोडी घेऊ नका. कान तयार नसेल तर तोंड तयार होत नाही, म्हणून ऐकण्यापासून सुरुवात. जोडीदार नसेल तर फोनमधलं आवाजावरून टायपिंग चालू करा, भाषा भारतीय इंग्रजी ठेवा आणि नुसता एक शब्द म्हणा. पूर्ण वाक्य म्हणायचं नाही, कारण वाक्य ऐकलं की फोन अंदाजाने बरोबर शब्द टाकतो आणि तुमची चूक झाकली जाते. खऱ्या समोच्चारी शब्दांना ही चाचणी लागू नाही, फोनलाही तिथे फरक ऐकू येत नाही.

पेपरात क्रम असा ठेवा. 2023 च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते, म्हणजे एका प्रश्नाला फार वेळ नाही. आधी पर्याय न बघता रिकाम्या जागेत काय बसतं ते ठरवा: नाम, क्रियापद की विशेषण. आर्टिकल किंवा 'ऑफ', 'फॉर' नंतर बहुधा नामाचा गट, 'टू' किंवा 'विल'नंतर बहुधा क्रियापद. निम्मे पर्याय इथेच गळतात. मग उरलेल्यांचा शेवट बघा: ए-एल, ए-आर-वाय, सी-ई, एस-ई. अर्थाकडे सगळ्यात शेवटी या. उलट्या क्रमाने गेलात तर दोन्ही शब्द ओळखीचे असल्यामुळे दोन्ही बरोबर वाटतात, आणि तुमची अडचण तीच आहे. पर्याय मनात उच्चारून बघू नका. समोच्चारीत तो वेळ फुकट जातो.

अर्ज संगणकावर टाइप करत असाल तर स्पेलिंग तपासणारी लाल रेघ या शब्दांखाली येत नाही, कारण चुकीचा शब्दही शब्दकोशात आहे. तुम्ही वारंवार चुकता ते आठ-दहा शब्द एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. अर्ज पाठवण्याआधी त्यातला एकेक शब्द फाइलमध्ये शोधा आणि जिथे सापडेल तिथलं वाक्य पुन्हा वाचा. एका पानाला दोन मिनिटं लागतात.